जाळीपुढचा पडदा

"आहे, आहे. इथेच आहे."

अलीगंजच्या त्या घरात राहायला गेल्यावर पहिले काही महिने वरच्या मजल्याची मला एवढीच ओळख होती. छतातून आधी एका बाईचा बारीक आवाज यायचा, "अहो." लगेच पुरुषाचा, खालच्या पट्टीतला, "आहे, आहे. इथेच आहे." पाच-सात मिनिटं जायची. पुन्हा "अहो." पुन्हा तेच उत्तर. मी स्वयंपाक करत असायची आणि कुकरच्या शिट्ट्यांसारखी ती हाक नकळत मोजत बसायची.

मराठी कानावर पडलं म्हणून आधी बरंच वाटलं होतं. बँकेने मला पुण्याहून उचलून लखनौला टाकलं होतं. नवरा महिन्यातून एकदा यायचा. दहा वर्षांची मुलगी सहा महिन्यांतच माझ्या मराठी प्रश्नांना हिंदीत उत्तरं द्यायला लागली होती. वर मराठी माणसं आहेत, एकदा जाऊन भेटायला हवं, असं रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. शेवटी गेले ती भांडायला.

रविवारी पांढऱ्या चादरी बाल्कनीत वाळत घातल्या होत्या. दुपारी काढायला गेले तर त्यांवर हिरवे डाग. थेंब अजून पडतच होते. तशीच चादर हातात घेऊन वर गेले आणि बेल दाबली. आतून कुलूप काढल्याचा आवाज आला, मग कडी, मग वरची दुसरी कडी. दार चार बोटं उघडलं. उंच, वाळके गृहस्थ, साठीच्या पुढचे. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली किल्ली. दोन्ही हात मनगटापर्यंत हिरवे. माझ्या हातातली चादर बघून त्यांना सगळं कळलं.

"ताई, आधी आत या. दार लावू द्या. मग काय बोलायचं ते बोला."

मी आत गेले, त्यांनी दोन्ही कड्या घातल्या, कुलूप लावलं. त्यांच्या डाव्या मनगटाला परकराची पांढरी नाडी बांधलेली होती आणि ती जमिनीवरून खोलीत गेली होती. तिचं दुसरं टोक वेताच्या खुर्चीत बसलेल्या काकूंच्या हातात होतं. काकू माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "बसा हं. गाडीला वेळ आहे अजून."

मी भांडायचं विसरले ते कायमचंच.

काका रेल्वेत इंजिनीअर होते, रुळांच्या खात्यात. सारी नोकरी ट्रॉलीवर बसून रूळ तपासण्यात गेली. ही ट्रॉली म्हणजे चार चाकांवरची उघडी फळी, माणसं मागून ढकलत नेतात ती. निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच काकूंचं विसरणं सुरू झालं. एका सकाळी ते दूध आणायला गेले आणि काकू घराबाहेर पडल्या. पाच तासांनी कपूरथला चौराह्यावर एका मिठाईच्या दुकानापुढे बाकावर बसलेल्या सापडल्या. दुकानदाराला सांगत होत्या की गाडीची वाट बघतेय. तेव्हापासून, म्हणजे चार-पाच वर्षं, हे आतलं कुलूप. सामान फोनवरून मागवायचं, भाजी दोरीने टोपली सोडून वर घ्यायची. काका दिसले नाहीत किंवा त्यांचा आवाज आला नाही, तर काकू घाबरून त्यांना घरभर शोधत सुटायच्या. म्हणून ती नाडी. खोलीतून ओढली की बाल्कनीत काकांच्या मनगटाला हिसका बसायचा आणि ते म्हणायचे, "आहे, आहे. इथेच आहे."

"माझं जग एवढंच," बाल्कनीचं दार उघडत ते म्हणाले. "नऊ फूट बाय चार."

ती बाल्कनीही बंदच होती. लखनौला राहिलेल्यांना सांगायला नको, माकडं इतकी असतात की माणसंच जाळीत राहतात. खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी, आत दहा-बारा कुंड्या, समोरच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी. मधोमध एका स्टुलावर ते जे काही ठेवलेलं होतं, त्याला ते 'मागचा' म्हणायचे. "मागचा पडदा" म्हणायला वेळ कशाला घालवायचा, असा हिशेब.

तुम्ही कधी मुंगीचा अगदी जवळून काढलेला फोटो पाहिला असेल. मुंगी उंदराएवढी दिसते आणि तिच्या मागे मऊ, पुसट हिरवळ पसरलेली असते. काकांना तसे फोटो काढायचे होते. कॅमेरा जुना होता. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये पोकळ नळ्या बसवून ते तो मुंगीच्या तोंडाशी न्यायचे. मुंग्या भरपूर होत्या. पण कुठूनही बघा, मागे जाळी यायची, नाहीतर टाकी.

"रेल्वेत असताना वाट अडली की आम्ही दुसरी घालायचो," ते म्हणाले, "म्हणून हे केलं."

इस्त्रीच्या टेबलाची लांब फळी होती. तिच्यात मधोमध एक खाच पाडलेली. खाचेत मोडक्या पंख्याची मान उभी केली होती, हाताने आवळायच्या नटासकट. नट सैल केला की मान पुढे-मागे सरकायची, वर-खाली व्हायची, हवी तशी कलायची. वर कागदाचे दोन चाप. चापात एक पुठ्ठा. फळीच्या कडेला पेनाने इंचांच्या खुणा. एका टोकाला फूल किंवा किडा, मागे पुठ्ठा, बस.

पुठ्ठ्यांची वेगळी गंमत. मिठाईचे खोके, फायलींची कव्हरं, कॅलेंडरची पाठ, यांवर ते भांडी घासायच्या स्पंजने रंग थापायचे. तोच स्पंज बाल्कनीत धुवायचे आणि पाणी माझ्या चादरींवर. चाळीस-पन्नास पुठ्ठे होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर इंजिनीअरी अक्षरात नाव: 'गवत, मार्च', 'धुकं, सकाळी सात', 'तराई', 'गढूळ पाणी'. काहींवर साडीचे तुकडे चिकटवलेले.

"एकच सपाट रंग दिला तर भिंत वाटते," ते मला शिकवायचे. "डाग हवेत. फार जवळ आणला तर स्पंजाचे ठसे दिसतात, फार लांब नेला तर सगळं एक होऊन जातं. आणि सावली पडता कामा नये, सावली पडली की संपलं. थोडं मागे घ्या, ताई. थोडं अजून. हां."

'ताई, थोडं मागे घ्या' हे वाक्य मग माझ्या रविवारांचा भाग झालं. मी नट सैल करून मान सरकवायची, ते एक डोळा मिटून कॅमेऱ्यात बघायचे आणि नाडीला हिसका बसला की तशाच अवस्थेत म्हणायचे, "आहे, आहे." बरोबर त्या क्षणी मुंगी निघून जायची. त्यावर त्यांनी कधी त्रागा केल्याचं मी पाहिलं नाही. "गेली," एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्या मुंगीची वाट बघायचे. खालचे घरमालक एकदा वर येऊन ते यंत्र निरखून गेले. जाताना अदबीने म्हणाले, "इंजीनियर साहब, कपड़े सुखाने के लिए ज़रा छोटा है।"

जाळीच्या एका कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं इवलंसं मडकं बांधलं तेव्हा मात्र त्यांनी चार दिवस धड जेवण केलं नाही. मडकं जाळीलाच चिकटलेलं, म्हणजे 'मागचा' जाळीच्या बाहेर हवा. त्यांनी पंख्याची मान उलटी बसवून, तारेने बांधून, पुठ्ठा जाळीच्या फटीतून बाहेर ढकलला. बाहेर लू वाहत होती, पुठ्ठा फडफडत होता. मी म्हटलं, काका, उन्हाने चक्कर येईल. ते म्हणाले, "पुठ्ठा तरी बाहेर गेलाय ना."

हसून म्हणाले होते. मला हसता आलं नाही.

ते फोटो ते फोनवरच्या एका मंडळात टाकायचे. देशभरचे लोक होते, किडे आणि फुलं काढणारे. हळूहळू तिथे काकांचं नाव झालं. कुणीतरी विचारायचं, सर, हे कुठलं जंगल? ते लिहायचे, "घरापासून जवळच." खोटं नव्हतं. पण लोकांची समजूत झाली की हा निवृत्त माणूस पाठीवर पिशवी टाकून तराईच्या जंगलात हिंडतो. एकाने लिहिलं, सर, आपके जैसी आज़ादी सबको मिले. काकांनी ते मला दाखवलं आणि फोन उपडा ठेवला.

त्या मंडळात छावणीत राहणारे एक निवृत्त कर्नल होते. त्यांनी तिथल्या एका हॉलमध्ये मंडळाच्या फोटोंचं एक दिवसाचं प्रदर्शन ठरवलं. काकांचे सहा फोटो लावायचे आणि काकांनी येऊन चार शब्द बोलायचे. काकांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"चार तासांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "मी बसते काकूंजवळ."

"ती नाही राहायची."

"राहतील. मला ओळखतात आता."

त्यांनी 'मागच्या'च्या फळीवर हात ठेवला. म्हणाले, "गेलो तर हे घेऊन जाईन. लोकांना कळू दे जंगल कुठलं ते."

रविवारी सकाळी अकराला ते निघाले. क्रीम रंगाचा सफारी, जो आता दोन बोटं सैल झाला होता. 'मागचा' चादरीत गुंडाळून काखेत. चादर माझीच होती, तीच हिरव्या डागांची. ई-रिक्षात बसताना सतार घेऊन मैफलीला निघालेल्या माणसासारखे दिसत होते. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली होती. आणि एक कागद: गोळी साडेबाराला, चहात साखर अर्धा चमचा, पंखा दोनवर, रडली तर पाठीवरून हात फिरवा, डोक्यावरून नको.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग काकूंनी नाडी ओढली. दुसऱ्या टोकाला मी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ओढली. "अहो." मी म्हटलं, येतीलच. त्या उठल्या, बाल्कनीत गेल्या, न्हाणीघरात बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. मग दाराशी गेल्या आणि कुलूप खेचायला लागल्या. मी धरायला गेले तर अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, त्यांनी मला ढकललं. कपाळ दारावर आपटायला लागल्या. मी फोन हातात घेतला. काकांचा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला. पाच वर्षांनी हा माणूस घराबाहेर पडलाय, मी स्वतःला सांगितलं.

"कुठे गेलेत?" काकूंनी विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ट्रॉलीवर?"

"हो," मी म्हटलं. "ट्रॉलीवर गेलेत."

त्याच क्षणी त्या शांत झाल्या. कुलूप सोडलं, पदराने तोंड पुसलं, "मग सांगायचं की," असं पुटपुटत खुर्चीत जाऊन बसल्या. दिवसभर पुन्हा हाक मारली नाही. गोळी घेतली, चहा घेतला, खिडकीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, किती सोपं होतं. आपल्याला जमलं.

तीन वाजता काका आले. मी दार उघडलं तर चेहरा असा उजळलेला की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "ताई, फोटोंकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे ह्या फळीभोवती. कर्नल स्वतः गुडघ्यावर बसून नट फिरवत होते. मी सांगितलं, जंगल नाही, जाळी आहे. तर टाळ्या वाजवल्या लोकांनी." बोलत बोलत ते खोलीत गेले आणि काकूंपुढे वाकले. "आलो बरं का."

काकूंनी डोक्यावरून पदर सारखा केला. "हे ट्रॉलीवर गेलेत," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी या तुम्ही."

आम्ही दोघंही हसलो. दमल्या असतील, असं काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्या तेच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही.

डॉक्टरांनी सांगितलं की हे आज ना उद्या होणारच होतं, या दुखण्यात होतं. काकांनीही मला जिन्यात थांबवून ते दोनदा सांगितलं, तुमचा काही दोष नाही म्हणाले. मी मान हलवली. पण ट्रॉलीवर गेलेत हे शब्द माझ्या तोंडचे होते आणि काकूंनी ते धरून ठेवले होते.

आता छतातून येणारा आवाज बदलला. "अहो" यायचं. "आहे, इथेच आहे" यायचं. मग काकूंचा स्पष्ट, सभ्य आवाज: "तुम्ही नाही हो. ह्यांना हाक मारतेय." काही दिवसांनी काकांनी उत्तर देणं सोडलं. नाडी सुटली. काकांची गरज उरली नव्हती आणि त्यांना घराबाहेर जाताही येत नव्हतं, कारण काकू नवऱ्याला शोधायला केव्हाही दाराकडे धावायच्या.

परक्या माणसाला घरात ठेवून घ्यायला काकूंनी एक कारण मात्र शोधून काढलं. हे फोटोवाले आहेत, साहेबांची वाट बघतायत. मग त्या त्यांची सरबराई करायच्या. "चहा घ्या तुम्ही. ह्यांना उशीर होतो कधी कधी." काका स्वतःच चहा करून आणायचे आणि पाहुण्यासारखे समोर बसून प्यायचे. "येतील," म्हणायचे. "गाडी आडवी आली असेल." पूर्वी 'मागच्या'कडे ढुंकूनही न बघणाऱ्या काकू आता बाल्कनीत येऊन उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी एका पुठ्ठ्यावरचा जांभळा तुकडा बोटाने चाचपला. "कुणाची साडी कापलीत ही? माझ्याकडे अशीच होती. फार शोधली मी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "चूक झाली," ते काकूंना म्हणाले.

"विचारायचं असतं हो बाईमाणसाला," काकू म्हणाल्या.

आणि त्या त्यांच्याशी बोलायला लागल्या. सगळं बोलणं नवऱ्याबद्दल. मी एका रविवारी दाराआड उभी राहून ऐकलं, ऐकायला नको होतं ते. "क्वार्टरच्या पुढे रूळ, मागे रूळ. बाजार आठवड्यातून एकदा. हे चार-चार दिवस लाइनीवर. मुलीला ताप भरला तेव्हा मी एकटी. सांगायचं कुणाला? आले की दमलेले असायचे. जेवायचे, झोपायचे. तुम्हाला सांगते, मी भिंतींशी बोलायची." काका हातात पुठ्ठा धरून ऐकत होते. "तुम्ही त्यांना बोलला नाहीत कधी?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "ते कुठे घरात असायचे?"

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे किल्लीची दुसरी प्रत द्यायला आले. दारातच उभे राहिले. "चाळीस वर्षांत एक अक्षर बोलली नाही मला," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसाला सांगतेय." मग किल्ली टेबलावर ठेवून वर गेले.

पुढच्या हिवाळ्यात काकू पडल्या आणि त्यांचं चालणं थांबलं. नागपूरची मुलगी आली आणि तिने दोघांनाही न्यायचं ठरवलं. तिच्या घराला बाल्कनी नव्हती, होती ती खोलीत घेतली होती. काकांनी वाद घातला नाही. 'मागचा' त्यांनी कर्नलसाहेबांकडे पाठवून दिला, पुठ्ठ्यांसकट. कुंड्या मला दिल्या.

चारबागला मी पोचवायला गेले. धुक्यामुळे गाडी तीन तास उशिरा लागली. चाकाच्या खुर्चीतून काकूंना डब्याच्या दारापर्यंत आणलं आणि तिथे त्यांनी दाराची दांडी दोन्ही हातांनी घट्ट पकडली. "मी जायची नाही. हे आले नाहीत अजून."

"आई, अगं बाबा हे काय, इथेच आहेत," मुलगी म्हणाली.

"हे फोटोवाले आहेत." काकूंनी दांडी आणखी आवळली. "ह्यांना न सांगता मी कुठे जाऊ? ते घरी येतील आणि घराला कुलूप असेल." मुलीने बोटं सोडवायचा प्रयत्न केला, तशा त्या ओरडल्या. मागून माणसं सामान घेऊन चढू पाहत होती. हमाल म्हणाला, मैडम, जल्दी कीजिए. मुलगी रडायला लागली.

काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. सफारीची बटणं लावली. काकूंच्या समोर येऊन दोन पावलांवर उभे राहिले आणि मी कधी न ऐकलेल्या, ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "नमस्कार बाई. साहेबांनी पाठवलंय मला. मी त्यांच्या हाताखाली असतो. त्यांची लाइन लांबलीय. तुम्हाला नागपूरला सोडायला सांगितलंय."

काकूंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "त्यांनी सांगितलं?"

"हो."

"चिठ्ठी दिलीय?"

"चिठ्ठी नाही. तोंडीच सांगितलं."

"असंच करतात ते," काकू म्हणाल्या आणि दांडी सोडली.

आम्ही त्यांना उचलून आत नेलं, खिडकीशी बसवलं, पायांवर शाल घातली. काका मधल्या वाटेत उभेच होते, सामानाकडे बघत. काकूंनी शेजारची जागा हाताने झटकली. "उभे का? बसा ना. लांबचा प्रवास आहे."

ते बसले. थोडं अंतर सोडून बसले, परक्या बाईशेजारी बसतात तसे.

गाडीची शिट्टी झाली म्हणून मी दाराकडे वळले. मागून काकूंचा आवाज ऐकू आला. "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मी उतरले आणि खिडकीपाशी आले. काच बंद होती, धुक्याने ओली झालेली. आत काका मान खाली घालून काहीतरी सांगत होते, बराच वेळ, आणि काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. गाडी हलली तरी त्यांचं सांगणं चालूच होतं.